शेरा : बंद

सकाळी सव्वासातला कळण्याची भाकरी तव्यावर असतानाच गॅस गेला. एकदम गेला नाही. ज्योत आधी बोटभर झाली, मग पेराएवढी, मग बर्नरच्या भोकांशी निळ्या ठिपक्यांची माळ तेवढी उरली आणि बघता बघता तीही नाहीशी झाली. ऋतिकाने कळ दोनदा फिरवली, लायटर दाबून पाहिला आणि ओट्यापासूनच हाक मारली, "आबा, जरा बघता का?" सासऱ्याला गॅसमधलं कळतं एवढं तिला लग्नापासून माहीत होतं, कुठल्या गॅसमधलं, ते तिने कधी विचारलं नव्हतं. बन्सीलाल बोरसे पेपर ठेवून आला. एकाहत्तराव्या वर्षी वाकायला त्रास व्हायचा, तरी वाकला, बर्नरपाशी नाक नेलं. वास नव्हता. पाइपात काहीच नव्हतं. तव्यावरची भाकरी एका अंगाने भाजलेली, दुसऱ्या अंगाने ओली, पांढरी. तिच्याकडे बघताना, काय करतोय हे कळायच्या आत, त्याने सांडशीने तवा उचलून मोरीत आपटला. लोखंड फरशीवर गरगरत राहिलं. ऋतिका भिंतीला टेकली. बारा वर्षांत तिने या माणसाचा चढलेला आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

धर्मेंद्र अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला. काय झालं ते त्याने बायकोच्या तोंडावरून ओळखलं, वडिलांना काही विचारलं नाही, फोन काढून संदेश वाचून दाखवला. आखातातल्या परिस्थितीमुळे पुरवठ्याचा दाब कमी राहील, ग्राहकांनी सहकार्य करावं. तीन आठवडे पेपरात हेच चाललं होतं. लढाई तिकडे, जहाजं अडलेली तिकडे, आणि चूल विझली जळगावात, महाबळ रस्त्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर. बन्सीलाल खुर्चीत बसला आणि बोलत सुटला. आपल्या मुलखात शेण आहे, ऊन आहे, केळीचे खांब बांधावर सडतायत, आणि आपण स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅस समुद्रापलीकडून आणतो. ज्या दिवशी तिकडचा कोणी हात आखडेल त्या दिवशी इकडे कोट्यवधी बायका तव्याकडे बघत बसणार. हे ठरवलं कोणी, कुठल्या टेबलावर ठरवलं. धर्मेंद्र ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात खरेदी बघायचा. त्याने शांतपणे सांगितलं की जगात कोणीच सगळं घरचं वापरत नाही, त्यांच्या कारखान्यातला प्लास्टिकचा दाणासुद्धा बाहेरून येतो, स्वस्त मिळेल तिथून घ्यायचं असतं, चार दिवसांनी जहाज लागेल आणि सगळं सुरळीत होईल. मग थोडं थांबून, वडिलांना हसू यावं म्हणूनच कदाचित, म्हणाला, "आणि शेणावर काय देश चालतो का, आबा?" हे वाक्य बन्सीलालने ऐकलेलं होतं. याच शब्दांत नाही, पण याच हसऱ्या आवाजात. तो उठला, टोपी घातली, पिशवीत पाण्याची बाटली आणि जुनी वही टाकली आणि कुठे जातो ते न सांगता जिना उतरला. त्याला पिंप्रीचा गोबर गॅसचा घुमट बघायचा होता, नोकरीत असताना बांधून घेतलेला. आहे का, एवढंच. फोटो काढून आणायचा आणि पोराच्या तोंडासमोर धरायचा.

भडगावच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. नऊलाच वारा तापला होता. पाचोऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग दिसायला लागले, आणि प्रत्येक ढिगाकडे बघून त्याचा राग नव्याने पेटत होता, जणू ते ढीग कोणीतरी त्याला चिडवायला रचले होते. अठ्ठावीस वर्षांचा असताना तो ग्रामीण इंधन मंडळात पर्यवेक्षक म्हणून लागला, तेव्हा याच रस्त्याने राजदूतवर हिंडायचा. मागच्या सीटवर वना बसलेला असायचा, पिंप्रीच्या भिल्ल वस्तीतला गवंडी, मांडीवर थापी आणि ओळंबा. गोबर गॅसचा घुमट बांधणं हे सगळ्या गवंड्यांना जमायचं नाही. जमिनीखाली वाटोळा खड्डा, त्यात विटांचं भांडं, आणि वर विटांचाच घुमट, खालून आधार न देता, एकेक वीट ओल्या सिमेंटवर तिरकी धरून, श्वास रोखून. एक वीट चुकली की गॅस झिरपतो. वनाची वीट चुकत नसे. घुमट पुरा झाला की तो त्यावर उभा राहून दोन्ही पायांनी उड्या मारायचा आणि खाली जमलेल्या बायका किंचाळायच्या. मग शेण कालवून ओतायचं, पंधरा-वीस दिवस थांबायचं, आणि एके सकाळी शेगडीची कळ फिरवून काडी लावायची. ती वेळ. सबंध घर दारात उभं. आवाज यायचा, फुस्स असा, आणि ज्योत यायची, इतकी स्वच्छ की उन्हात दिसतसुद्धा नसे. हात जवळ नेला की कळायचं. पिंप्रीत पहिला घुमट मंजुळाबाईच्या घरी. तिची सासू हटून बसली होती की शेणाच्या वाफेवरचं अन्न देवाला चालणार नाही आणि तिलाही नाही. बन्सीलालने तिच्यासमोर मांडी घातली आणि पहिली भाकरी, ठेच्याबरोबर, स्वतः खाल्ली. म्हातारी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती, हा मरतो की काय म्हणून. मग तिने अर्धी मागितली. मंजुळाबाई तेव्हा विशी-बाविशीची होती, डोळे धुराने कायम लाल. महिन्याभराने तो पुन्हा गेला तर तिने ओसरीतूनच ओरडून सांगितलं होतं, भाऊसायेब, दखा, मन्हा डोया. डोळ्यांतली लाली गेली होती. त्या दिवशी राजदूतवर परत येताना तो गात होता, हे त्याला आत्ता एसटीत आठवलं आणि लाज वाटली. का लाज वाटली ते कळेना. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

लाज जुनी होती. कपड्यांना वास यायचा, लाल साबणाने दोनदा आंघोळ केली तरी नखांच्या कडेला हिरवट रेघ राहायची. लग्नात, बारशात लोक विचारायचे, हल्ली कुठे? आणि उत्तर ऐकून हसायचे नाहीत, हसू दाबायचे. ते जास्त लागायचं. धर्मेंद्र आठवीत असताना एकदा ओठ फुटून घरी आला. कोणाशी मारामारी केली ते त्याने सांगितलं नाही. दोन दिवसांनी शाळेचा अर्ज पुढे करून विचारलं, वडिलांचा व्यवसाय काय लिहू? बन्सीलालने सांगितलं, सरकारी नोकरी लिही. मुलाने लिहिलं, आणि वर बघितलं नाही. त्याच ओळीत कुठेतरी, बन्सीलालला आता वाटलं, पुढचं सगळं ठरून गेलं होतं. मंडळाची धुळ्याला बैठक झाली ती नंतर, २०११ मध्ये, त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा. थंडगार खोली, पडद्यावर आकडे, आणि मुंबईहून आलेले एक तरुण साहेब, अतिशय गोड बोलणारे. गावोगाव सिलिंडर पोचवायचा आहे, ते म्हणाले, आणि ज्या घरी गोबर गॅस चालू आहे त्या घराला नवीन जोडणी देता येत नाही. तेव्हा ही जुनी संयंत्रं बंद आहेत की नाही याची तपासणी करून घ्या. बंदच असणार, तपासणी ही औपचारिकता. मागून कोणीतरी धीटपणे विचारलं, सिलिंडरातला गॅस बाहेरून येतो म्हणतात, उद्या आला नाही तर? साहेब हसले. "शेणात हात घालून कोणी महासत्ता होत नसतं," ते म्हणाले. सगळी खोली हसली. बन्सीलालही हसला. जोरात हसला. त्याला मोकळं वाटलं होतं. त्याच्या नखांतली रेघ जणू कोणीतरी एका वाक्यात धुऊन टाकली होती. पंधरा दिवसांत त्याने तपासणीचे दोनशे चौदा अर्ज भरून दिले. शेवटच्या रकान्याचं नाव होतं शेरा. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा शेरे एकाच शब्दाचे. त्यानंतर दोन वर्षांनी तो निवृत्त झाला, मंडळ गुंडाळलं गेलं, आणि त्याने स्वतःशी ठरवून टाकलं की ते घुमट तसेही बंदच पडले असते. लोकांकडे गुरं राहिली नव्हती. काळ बदलला होता. आपण नसतं लिहिलं तर दुसऱ्याने लिहिलं असतं. हे तीन विचार त्याने इतक्या वेळा वापरले होते की त्यांना आता धार नव्हती.

भडगावहून रिक्षाने पिंप्रीत पोचला तेव्हा अकरा वाजले होते. गिरणा नदीत पाणी नव्हतं, वाळूत खड्डे होते. मंजुळाबाईचं घर त्याने लगेच ओळखलं. दाराशी धूर होता. अंगणात तीन विटांवर पातेलं ठेवून, पऱ्हाट्या मोडून मोडून आत सारत ती बसली होती. पासष्टीची झाली असेल. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, जाड काळा चष्मा, आणि चष्म्याखालून धुराचं पाणी. तिने त्याला आवाजावरून ओळखलं. "या भाऊसायेब, बठा," म्हणाली, आणि पदराने खाट झटकली. तिने हळूहळू सांगितलं : मुलगा-सून सुरतेला, ती एकटी, गोठ्यात एक म्हैस उरलेली, आणि महिना झाला सिलिंडर नाही. नंबर लावलेला आहे. एजन्सीवाला म्हणतो, वरूनच आला नाही. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही.

परसात घुमट होता. अर्धा मातीत, वर शेवंतीची वाळकी रोपं, पण होता. बन्सीलाल त्यावर हात टेकून उभा राहिला. विटा उन्हाने तापल्या होत्या. आणि मग सकाळपासूनचं सगळं पुन्हा सुरू झालं. तो तिला सांगायला लागला, जणू समोर धर्मेंद्र होता, ते तरुण साहेब होते. हे तुमच्या परसात असताना तुम्ही धुरात बसलाय, बाई. ज्यांनी हा देश दुसऱ्याच्या नळाला बांधला त्यांना एक दिवस, एकच दिवस, या तीन विटांपुढे बसवलं पाहिजे. त्यांना काय, ते थंड खोल्यांत बसतात, कागदावर सही करतात आणि निघून जातात. तो कितीतरी वेळ बोलत होता. त्याचा आवाज ऐकून शेजारची कुंदाबाई कुंपणाशी आली, तिच्यामागे अजून दोघी. मंजुळाबाई पऱ्हाटी मोडत ऐकत होती. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा तिने चष्मा काढला, डोळे पुसले आणि विचारलं, "भाऊसायेब, तुम्ही कोनावर चिडी राहिनात?"

तो म्हणाला, सरकारवर, आणखी कोणावर?

तिने हातातली पऱ्हाटी जाळात सारली. मग तिने जे सांगितलं ते अगदी सरळ सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. तो तपासणीला आला त्यानंतर तीन पावसाळे हा घुमट चालला. मग शेणाची मळी बाहेर पडायच्या तोंडाशी भेग गेली. वना म्हणाला, दोन पोती सिमेंटचं काम आहे, पण मंडळाच्या माणसाने बघून शिक्का दिला तर सामान फुकट मिळतं. मंडळ तेव्हा गुंडाळत आलेलं. ती तीनदा जळगावला गेली. तिसऱ्या वेळी कचेरीतल्या बाईने फाइल काढून वाचून दाखवलं : हे संयंत्र २०११ पासून बंद आहे, तपासणीत तसा शेरा आहे, बंद संयंत्राची दुरुस्ती होत नाही. खाली सही. ती म्हणाली, मी त्या बाईला सही पुन्हा वाचायला लावली. मग भेग वाढली, भेग वाढली म्हणून शेण नुसतं उकिरड्यावर जायला लागलं, मग गुरं ठेवून काय करायचं म्हणून दोन गाई गेल्या.

"त्या रोज तुमना चहा ह्याच गॅसवर कया व्हता मी," मंजुळाबाई म्हणाली. "तुम्ही पिनात. आनि कागदवर बंद लिखीसन गयात."

त्याला आठवलं. आठवलं असं म्हणणं खोटं. ते तिथेच होतं, विटेखाली ठेवलेल्या कागदासारखं. मोटरसायकल दाराशी लावून तो ओसरीत बसला होता, आतून शेगडीचा फुस्स असा आवाज आला होता, पितळी कपात आल्याचा चहा आला होता, आणि गुडघ्यावर अर्ज ठेवून, कप दुसऱ्या हातात धरून, त्याने तो शब्द लिहिला होता. चहा चांगला झालाय असंही म्हणाला होता. कोणी त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती. कोणी बघतसुद्धा नव्हतं. सकाळपासून तो ज्याला शिव्या देत होता तो माणूस कुठल्या टेबलामागे नव्हता, तो या ओसरीत बसून चहा प्यायला होता. अंगातला राग गेला नाही. राग तेवढाच होता, फक्त त्याला बाहेर जायची वाट राहिली नाही. घुमटावरचा हात त्याने उचलला.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतिका होती. तिने काळजीने विचारलं कुठे आहात, जेवलात का, आणि मग सांगितलं की गॅस आला, चांगल्या दाबाने आला, जहाज बंदराला लागलं म्हणतात, तुम्ही उन्हात फिरू नका, या. आणि त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खांदे सैल झाले, चला, संपलं. एक क्षणभरच. मग त्याने समोर पाहिलं. मंजुळाबाई फुंकणीने जाळ फुंकत होती. तिचा सिलिंडर आला नव्हता. त्या सैल झालेल्या खांद्यांची त्याला चीड आली. त्याने ऋतिकाला एवढंच सांगितलं की यायला उशीर होईल. उद्यापर्यंत महाबळ रस्त्यावर कोणाला काही आठवणार नाही, हे त्याला दिसलं. आणि आपल्यालाही आठवणार नाही, हेही.

त्याने कुंदाबाईला वनाला बोलवायला सांगितलं. वना शाळेमागे संडासाची टाकी बांधत होता; हल्ली तेच काम मिळायचं. तो आला, डोक्याला मळका पंचा, हातावर सिमेंट सुकलेलं, केस पांढरे. त्याने रामराम केला नाही. परसात जाऊन घुमटाभोवती एक फेरी मारली, थापीच्या मुठीने चार ठिकाणी ठोकून ऐकलं, तोंडाशी वाकून भेगेत बोट घातलं. बन्सीलाल मागे मागे चालत बोलत होता : सामान मी आणतो, भडगावहून आजच आणतो, तुझी मजुरी देतो, एक म्हैस पुरणार नाही पण चार घरांनी रोज एकेक टोपली शेण दिलं तर पुरेल. कुंदाबाई कुंपणावरून म्हणाली, एक टोपली ती देईल. वना ऐकत होता की नव्हता कळत नव्हतं. शेवटी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"घुमटले काहीच व्हयेल नही," तो म्हणाला. "मी बांधेल शे तो. सामान नंतर आना. पहिले लिखी द्या."

काय लिहून देऊ, बन्सीलालने विचारलं.

"त्या रोज चालू व्हता, आशी लिखी द्या."

बन्सीलालने सांगितलं की त्याचा आता काही उपयोग नाही. मंडळ राहिलं नाही, ती फाइल राहिली नसेल, असा कागद घेणारं कोणी नाही. वनाने मान हलवली. हे त्याला माहीत होतं. त्याने मंजुळाबाईकडे बोट केलं आणि म्हणाला, कागद तिच्या घरात राहील. दहा-बारा वर्षं गाव म्हणतं की वनाचे घुमट टिकत नाहीत, सरकारनेच तसं लिहिलंय. पुन्हा कोणी बांधायला बोलावलं नाही. हे तो ओरडून म्हणाला असता तर बन्सीलालला सोपं गेलं असतं.

तो खाटेवर बसला. पिशवीतून वही काढली, गुडघ्यावर ठेवली. पेन उघडलं. जी भाषा त्याला येत होती ती सगळी त्या अर्जांची होती. 'असे निदर्शनास आले' असं लिहिलं आणि खोडलं. पान फाडलं. मग दुसऱ्या पानावर लिहिलं आणि सही केली, तीच सही, बोरसेच्या ब ला मोठा फाटा असलेली. वनाला अक्षरं जोडून वाचता येत नव्हती. तो म्हणाला, जोरमां वाचा. कुंपणाशी आता सात-आठ जण होते. बन्सीलाल उभा राहिला. "मौजे पिंप्री येथील मंजुळाबाई यांच्या घरचं गोबर गॅस संयंत्र मी २०११ मध्ये तपासलं," त्याने वाचलं. "ते चालू होतं. मी बंद लिहिलं." मंजुळाबाईने हात पुसून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि आत ठेवून आली.

वनाने पंचा सोडून तोंड पुसलं. आता तो थापी उचलेल असं बन्सीलालला वाटलं. पण तो खाटेसमोर जमिनीवर, उकिडवा, बसला.

"आनि बाकीना?" त्याने विचारलं.

बाकीचे दोनशे तेरा. त्यांतले सत्तर-ऐंशी वनाच्याच हातांनी बांधलेले. बन्सीलालने सांगून टाकलं. तेरा-चौदा घरी तो प्रत्यक्ष गेला होता, फार तर वीस. बाकीचे अर्ज त्याने जळगावला, घरी, जेवणाच्या टेबलावर भरले होते, धर्मेंद्र शेजारी कॉलेजचा अभ्यास करत असताना. कोणतं चालू होतं, कोणतं बंद, हे त्याला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं.

"मंग तशीच लिखा," वना म्हणाला. "मी सांगस नावं."

ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. मंजुळाबाईने पातेलं उतरवलं, जाळावर पाणी शिंपडलं. वनाने डोळे मिटले आणि नावं सांगायला सुरुवात केली, बांधकामाच्या क्रमाने, वर्षासकट : गाव, माणूस, परसात कुठल्या बाजूला, किती घनमीटरचा. कनाशी, रुख्माबाई, १९८६, दोनचा, विहिरीच्या अंगाला. बन्सीलालने लिहिलं. आणि जिथे गेला नव्हता अशा प्रत्येक नावापुढे, रकाना नव्हता तरी तेवढी जागा सोडून, तो लिहीत गेला : मी पाहिलं नाही. मी बंद लिहिलं. नवव्या नावाला वही घामाने ओली झाली. तेराव्या नावाला वनाने डोळे उघडून विचारलं, दमलात का?

"नाही," बन्सीलाल म्हणाला. "पुढचं सांग."